हतबल म्हणायचे तुम्ही

आबा,

आज सकाळी अंघोळ करून देवाला दिवा लावला आणि स्वयंपाकघरात आलो. पितृपक्षातली तुमची तिथी. आई खीर करत होती. फळीवरचं पातेलं तिने डाव्या हाताने काढलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, का ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही मिठागराचे मुकादम, रोज पेपर वाचणारे. ‘हतबल’ हा शब्द आमच्या घरात तुमच्यामुळेच आला. मी शाळेत असताना एके दिवशी मिठागराचा शेठ सगळ्या मजुरांदेखत तुम्हाला म्हणाला, "मुकादम, अक्कल भरतीत वाहून गेली काय?" तुम्ही हात जोडून हसलात. मी तुमचा डबा घेऊन मागेच उभा होतो. संध्याकाळी कालवणात मीठ कमी पडलं म्हणून तुम्ही आईचा हात पिरगाळून तिला भिंतीवर ढकललंत. शेजारची काकी धावत आली. "अरं मुकादमा, जीव घेतंस का तिचा?" तुम्ही खाटेवर बसलात. "राग आला का मी हतबल होतो, वैनी. माझा काय इलाज नाय." आणि काकीने पाण्याचा तांब्या तुमच्यापुढे धरला. आई खांदा धरून चुलीपाशी बसलेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गुरुजींना अर्थ विचारला. ज्याचं बळ संपलं तो, असं ते म्हणाले. शेठपुढे तुमचा राग किती शहाण्यासारखा बसून होता! तो शब्द आईचा होता, आबा. तोसुद्धा तुम्ही तिला ठेवला नाहीत.

तुम्ही गेल्यापासून दर वर्षी मी पनवेलच्या या इमारतीच्या गच्चीत तुमचं पान ठेवतो. कावळा शिवेपर्यंत आई उपाशी थांबते. आज मी तिला विचारलं, "आई, तुला ठेवायचंय का?"

"मला कवा इचारलंस? नाय ठेवलं तर लोक काय बोलतील?"

"आठव्या मजल्यावर कोण लोक? कावळेच हायत."

"ते पण खीर खाऊन सोकावलेत," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

मी पान वाढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने ते जवळ ओढलं. मग भात कालवला, एक घास खाल्ला. "वरणात मीठ कमी हाय." मी उठून मीठ आणून दिलं आणि तिच्यासोबत जेवायला बसलो.

यापुढे तुमचं पान होणार नाही. देवाची क्षमा मागितली आहे, तुमची मागणार नाही. हे मी शांत डोक्याने केलं, हतबल होऊन नाही. एवढंच सांगायचं होतं, आणि हे कुठे पाठवायचंही नाही. फक्त, वर गच्चीत कावळा ओरडला तेव्हा माझा घास हातातच थांबला होता.