उडाणटप्पूची पायपीट

ता. ४, सोमवार

चि. ठोंब्या यास आजीचे अ. उ. आशीर्वाद.

मी बोलते आहे, शेजारच्या शिंपीणबाई लिहिताहेत. तुझा काळा झगा त्यांनीच शिवलेला, त्यामुळे हसायचा हक्क त्यांचा.

पुन्हा आपटलास ना? गुडघा शेकतोस की नाही? हजारदा सांगितलं, आधी यंत्राची कळ ओढ, मग भाषण ठोक. तुझे आजोबाही तसलेच. तिजोरी फोडायची तर आधी चौकात उभं राहून जाहीर करायचे. खलनायकीची रीतच ती, म्हणायचे. त्या रीतीपायी घराण्यातला एकही डाव तडीला गेला नाही.

तुमच्या मारामारीचं कार्टून टीव्हीवर लागलं होतं. तुला सुळे काढलेत. पुढचे दात धड नाहीत, म्हणे सुळे! आणि तो उडाणटप्पू गगनवीर कसला देखणा! तो डोक्यावरून सूं करून गेला की आपल्या गल्लीचे पत्रे उडतात, ते मात्र चित्रात नाही. गल्लीच नाही. माझ्या डोक्यावर अजून ताडपत्री फडफडते आहे.

जिवाला घोर एकच. या खेपेला सापडलास तर जन्मभर खडकाच्या बेटावर ठेवणार, असं शिपाई सांगून गेले. तिथे पत्रसुद्धा पोचत नाही. हा धंदा सोड म्हटलं तर सोडणार नाहीस. निदान तोंड मिटून काम कर.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. ७, गुरुवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

दूधवाल्याने पत्र पोचवलं. तुझं ऐकलं. अवाक्षर न काढता कळ ओढली. माझं यंत्र उडणाऱ्याला जमिनीवर ओढून धरतं. गगनवीर भाजीबाजारात कोबीच्या ढिगावर पडला. उठून झेप घेतली, पुन्हा कोबीत. तेव्हापासून चालतो आहे.

म्हणजे जिंकलो. पण जिंकल्यावर करायचं काय, हे आपल्या घराण्यात कुणाला विचारू? पाण्याच्या बंद टाकीत लपलोय, नुसता गोल गोल फिरतो. डोळ्याला डोळा नाही. कळ सोडली तर तो उडेल, मला शोधून काढेल आणि बेटावर टाकेल. न सोडावी तर इथेच गंजेन. भाषण तयार होतं, ते टाकीला ऐकवलं. घुमलं छान.

उरलेले पत्रे शाबूत आहेत ना? कृपा असू दे. रागावणार असशील तर लौकर रागाव, वाट बघवत नाही.

तुझा ठोंब्या

ता. ९, शनिवार

चि. ठोंब्या यास अ. उ. आशीर्वाद.

उरलेले पत्रे शाबूत. पण तुझा वैरी माझ्या अंगणात, बादलीत पाय घालून बसलाय. दचकू नकोस. दारोदार तुला शोधत आला. बुटांना तळच नाहीत रे! उडणाऱ्याला कशाला लागतात? पायांची सालटी निघालीत. वर बघून ताडपत्री कशाने म्हणून विचारलं. एक उडाणटप्पू रोज जातो, म्हटलं. कानापर्यंत लाल झाला.

आता खरं सांगते. टेकडीवर तारेवरून जाणारा पाळणा मधेच अडकलाय, आत माणसं आहेत. शिडी पोचत नाही आणि वारा वाढतोय. बातमी ऐकताच हा उडायला धावला आणि माझ्या वाळत्या चादरीत गुरफटून पडला. तेव्हापासून आभाळाकडे बघत बसलाय. मी सरळ विचारलं, की कळ सुटली तर माझ्या नातवाला सोडशील का. नाही म्हणाला, आधी माणसं उतरवीन, मग त्याला नेईन. खोटं बोलता येत नाही मेल्याला. आपल्यात जन्मता तर उपाशी मेला असता.

मी तुला काही सांगत नाही. तू गेलास तर मी कुणावर डाफरू? पण पाळण्यातल्यांनाही आज्या असतील. थांबते. दूधवाल्याला सायकलवर पिटाळलंय.

आजी

त्याच कागदाच्या मागे

ती. आजीस सा. न.

कळ सोडली. झगा अंगावर घालून टाकीबाहेर बसलोय. येऊ दे त्याला. तू जेवून घे.

ठोंब्या

ता. ९, दुपार

चि. ठोंब्या, आशीर्वाद आहेतच.

कळ सुटली तसा तो बादलीसकट वर आला! मग ओशाळून हळूच खाली टेकला, बादली काढून जागेवर ठेवली. दूधवाला कुणीकडे गेला ते त्याने पाहिलं होतं, आणि तिकडे त्या बंद टाकीशिवाय काही नाही. मला म्हणाला, की माणसं उतरवली की टाकीशी येणार. चालत येणार. पाय सोललेत, म्हणजे पोचायला संध्याकाळ होईल. एवढं सांगून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. खोटं न बोलता सांगता येईल तेवढं सांगून झालं होतं.

मग तसाच अनवाणी, लंगडत, भिंतीला धरत गल्लीच्या पार टोकापर्यंत चालत गेला आणि तिथून उडाला. एक पत्रा हलला नाही रे.

तेव्हा ऊठ. झगा तिथेच टाक, लांबून ओळखू येतो. कुठे जातोस ते मला कळवू नकोस, मला विचारायला तो येईल आणि त्याच्यासमोर खोटं बोलायला आता जीभ वळायची नाही. पोचलास की चार ओळी लिही, पत्ता नसला तरी चालेल. लोभ कर, लांबून का होईना.

तुझी आजी