संकेश्वरलाच उतरले

वडगाव, बेळगाव
बुधवार

प्रिय करिष्मा,

अनेक आशीर्वाद. गेल्या गुरुवारी मी निपाणीला तुझ्याकडे यायला निघाले होते आणि अर्ध्या वाटेत संकेश्वरला उतरून परत आले. आज सहा दिवस झाले, तरी जेवताना घास हातातच राहतो. आप्पांना वाटलं, बस लागली असेल. मला एकदम मुद्द्यावर येववत नाही, म्हणून आधी प्रवासाचंच सांगते. चिडू नकोस.

रेल्वे मला पहिल्यापासून आवडते. पाय पसरून बसता येतं, डबा उघडून सावकाश खाता येतं. पण ती चालते आपल्या मर्जीनं. मिरजेच्या लग्नाला गेलो तेव्हा घटप्रभेच्या अलीकडे तिनं असं ठाण मांडलं की अक्षता पडून गेल्यावर आम्ही थेट पंगतीतच जाऊन बसलो. तुझ्या भावाच्या, केदारीच्या मोटरसायकलवर वारा छान लागतो, पण उद्यमबागेच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या कमरेला पाठ झालाय. शिवाय हेल्मेट घातल्यावर मी मागून काय ओरडते ते त्याला ऐकू येत नाही. त्याचं ते सुख आहे. आणि कोल्हापूरला जाताना सीमेचं भांडण पेटलं होतं ते आठवतं ना? कोगनोळीच्या नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. भांडण दोन राज्यांचं, आणि पिशवी डोक्यावर घेऊन चालले मी.

या सगळ्यांत ऐटीचा प्रवास म्हणजे तुझा नवरा, युवराज, पाठवायचा ती पांढरी गाडी. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या आणि मी मुद्दाम सावकाश चढायची. काच बंद, आत गारवा, ड्रायव्हर मुका. तुझ्या दारात उतरायचं, जेवायचं, परत बसायचं. तू बजावलं होतंस, आई, बसनं येऊ नकोस, आमच्या गल्लीत बरं दिसत नाही. म्हणून लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी तुझ्या गल्लीतल्या एका बाईशी मी चार शब्द बोलले नाही. मग संक्रांतीपासून तू म्हणायला लागलीस, घराला रंग देतोय, झालं की गाडी पाठवते. मी वाट बघत बसले. सहा महिने रंग द्यायला तो काय राजवाडा आहे, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. गाडी येणार, गाडी येणार, करत बसले मी, मूर्खासारखी.

गुरुवारी न कळवता निघाले, म्हटलं पोरीला चकित करू. सरकारनं बस आता बायकांना फुकट केलीय, त्यामुळे सगळ्या बायका बाहेर पडलेल्या. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची मेथीची पेंढी पायावर. पण बसची एक गंमत असते. काकती गाव मागे पडायच्या आत शेजारची बाई कुणाची कोण ते कळतं. माझ्या शेजारी निपाणीची मालुबाई होती. दर गुरुवारी खडेबाजारातून ब्लाऊजपीस आणि फॉल नेऊन दारोदार विकते. आमच्या छान गप्पा रंगल्या. मग वळणावर तिचा पदर माझ्या मांडीवर आला आणि मी खाली बघितलं.

तुला माहीत नसेल, तुझ्या लग्नाची साडी आपल्या विजेच्या मागावर असताना पदराजवळ लाईट गेली होती. आली तेव्हा कापडात एक जाड पट्टी राहिली. आप्पा म्हणाले, खोट पडली, ही विकून टाकू, दुसरी विणू. मी ऐकलं नाही. पट्टीच्या दोन्ही अंगांना हिरव्या धाग्याच्या तीन तीन रेघा टाकल्या आणि ती नक्षीच आहे असं केलं. तशी साडी दुसरी नाही. ती त्या बाईच्या अंगावर होती.

मी रेघा मोजल्या, तीन आणि तीन. मग विचारलं, साडी छान आहे, कुठं घेतली? म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या पोरीनं दिली की वो. मी न्हाय म्हणत होते, तर म्हणाली, मावशी, इकत घ्या, घरात दाणा न्हाय. नवरा गेलाय सहा म्हैनं झालं, पत्ता न्हाय. गाडी बी भाड्याची होती म्हणं. आता तंबाखूच्या वखारीत कामाला जातीया. लई गुणाची पोर. माहेरी काय कळवत न्हाय. आई लई तापट हाय म्हणं तिची."

ती तापट आई मीच. संकेश्वर आलं आणि मी उठून उतरले. तुझ्यासाठी घेतलेल्या कुंद्याच्या मिठाईची पिशवीही विसरले, ती मालुबाईनं खिडकीतून दिली. तशी तुझ्या दारात आले असते तर मी आरडाओरडा केला असता, सगळ्या गल्लीनं ऐकला असता. स्टँडवरच्या बाकड्यावर दोन तास बसले. पोरगी वखारीत जाते आणि मी इथे शेजारणींना गाडीचं कौतुक सांगते, एवढंच डोक्यात फिरत होतं. आप्पांना आज सांगितलं. त्यांनी माग बंद केला आणि विचारलं, "माझ्यापासनं लपवलं तिनं, का तुझ्यापासनं?" मला उत्तर माहीत होतं.

हे पत्र उद्या मालुबाईला स्टँडवर गाठून देणार आहे, कारण फोनवर तू पुन्हा सगळं बरं आहे म्हणशील. एक प्रवास सांगायचा राहिला. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी वडगावहून सुळेभावीला माहेरी चालत गेले होते, चप्पल तुटली तरी चालत. आईनं पाणी दिलं, कपाळाला कुंकू लावलं आणि संध्याकाळी दुधाच्या टेम्पोत बसवून परत पाठवलं. म्हणाली, आता त्या घरात राहायचं, रडत यायचं नाही. हे आप्पांनाही माहीत नाही. आणि तू युवराजला स्वतः पसंत केलंस या रागात, तुझी ओटी भरताना, तेच शब्द मी तुझ्या कानात बोलले. तू ते पाळत बसलीस, बाळा. माझं चुकलं. शनिवारी मी तुला न्यायला येते आहे. त्याआधी निघावंसं वाटलं तर नीघ, कशानंही ये, कधीही ये. रडत आलीस तरी चालेल.

तुझीच,
आई