उरलेल्या गोळ्या

प्रिय वृषाली,

फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते आहे. सोमवारी तुझं गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन. परवा तू चिडून म्हणालीस, "आक्का, बारामतीच्या डॉक्टर मॅडम दुखण्यावरच्या जोराच्या गोळ्या पाचच देणार म्हणं. तुझ्या उरल्यात त्या गुपचूप घेऊन ये." मी हो म्हणाले.

माघात माझी पिशवी काढली, तेव्हा दुसऱ्या दवाखान्यानं मला अशा वीस गोळ्या दिल्या होत्या. मी चारच घेतल्या, बाकी डब्यात ठेवल्या. आपल्याकडं औषध कोण टाकतं? शेजारच्या फुलाबाईंना गुडघ्यासाठी एक दिली, तर म्हणाल्या, "सारजे, तुझ्या हाताला गुण हाय." मला बरं वाटलं होतं.

काल कळंबहून एसटीनं मॅडमकडं गेले. तुला जास्त गोळ्या द्या, असं भांडायलाच गेले होते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ऑपरेशनच्या वेळीच जखमेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतो. मग साध्या गोळ्या ठरल्या वेळेला घ्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. लवकर उठून चालायचं. एवढं केलं की बऱ्याच बायकांना जोराची गोळी एक-दोनदाच लागते. तरी सोसेना झालं तर फोन कर, तुला दुखत ठेवणार नाहीत. मी निघताना म्हणाल्या, "उरलेल्या परत आणून द्या. दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. दमा असलेल्याला तर नाहीच. झोपेत श्वास मंदावत जातो, शेजारच्यालाही कळत नाही."

परतताना स्टँडवर समोरून आपल्या वाटेच्या दोन इंदापूर गाड्या गेल्या. मला चढायचं सुचलं नाही.

डाळिंबाचे क्रेट उचलून तुझ्या दाजींची कंबर धरली होती, तुला माहीत आहे. त्या आठवड्यात दम्यानं बेजार होते, तेही माहीत आहे. त्या दुपारी जेवल्यावर मी त्यांना डब्यातल्या दोन गोळ्या दिल्या. "आणखी दे गं, काय होतंय," म्हणाले. आणखी दोन दिल्या. चहाला उठवायला गेले, तर अंग गार पडलेलं. सगळे म्हणाले हार्ट. मीही कालपर्यंत तेच म्हणत होते. आता कुणी खात्रीनं सांगूही शकणार नाही.

हे मॅडमना सांगितलेलं नाही. पोरांनाही नाही. तुलाच पहिल्यांदा.

तेव्हा गोळ्या आणणार नाही, डबा मॅडमकडं देऊन टाकते. तुझ्याजवळ राहायला मी सोमवारी येणारच होते. साध्या गोळ्या वेळेवर देईन. पण हे वाचल्यावर माझ्या हातून गोळी घेववेल का तुला, ते आधी कळव.

तुझीच,
आक्का