डोक्यावर हॅट ठेवून आत येण्याबाबत

आणि हॅटखाली कोटच हवा, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते बाबांनी मला एकदा दाखवावं. तीन वर्षं झाली, अजून दाखवलेलं नाही. टी-शर्ट, हाफ पँट आणि फेल्ट हॅट यांचं आपसात काही भांडण नाही. भांडण आमचंच आहे.

असो. मी, शिंपीमास्तरांचा धाकटा, वय तेवीस, शाळा सातवीपर्यंत, नोकऱ्या आजवर सहा, सध्या उंच इमारतींच्या काचा पुसतो. दोराला लटकणाऱ्याने आपल्यामागे कोणाला काय द्यायचं ते लिहून द्यावं, असं मुकादमाने सांगितलं. बाकीच्यांनी दोन ओळी लिहिल्या. मी जास्तीचा कागद मागून घेतला. तब्येत ठणठणीत आहे, प्यायलेलो नाही. हसतोय ते ताईच्या फोनमुळे; ते पाचव्या कलमात येईल.

एक. काच पुसायचा रबरी पट्टा, बादली आणि खालचा पलंग खोलीतल्या ढोल्याला. तो वरच्या पलंगावर कूस बदलतो तेव्हा फळीचा भुसा माझ्या तोंडावर पडतो. तो खाली आला तर निदान पुढच्याचा जीव वाचेल.

दोन. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती स्वतःवर उडवावी, भाऊजींच्या स्कूटरवर नाही.

तीन. भाऊजींना हॅटचा गोल खोका, रिकामा. मला जादूगार म्हणाले होते ना, ससा त्यांनी स्वतःचा आणावा.

चार. पहिल्या पगारातून घेतलेली तपकिरी हॅट ताईला. गाऊनवर घाल. झकास दिसशील.

पाच. राखाडी हॅट. मी रागात घर सोडलं तेव्हा ही शिलाई मशीनवर राहिली. बाबा म्हणाले होते, "डोक्यावर हॅट असेल तर या दारातून आत यायचं नाही." मीही गेलो नाही. पण काल ताईचा फोन आला.

"अरे, बाबा सकाळी बनियनवर हॅट घालून दूध आणायला गेले."

"आपले बाबा?"

"घट्ट होत होती म्हणून आतली पट्टी उसवली, विजारीची कंबर सैल करतात तशी. आता डोळ्यांवर येते. एका हातात दूध, दुसऱ्या हाताने हॅट धरलेली, असे घरात शिरले. दूधवाल्याने विचारलं, मास्तर, कोट कुठाय? तर म्हणाले, इस्त्रीला टाकलाय."

मी एवढा हसलो की रडतोय समजून ढोल्याने पाठ थोपटली.

सबब, बाबा त्याच दारातून हॅटसकट आत आलेले असल्यामुळे त्यांचा हुकूम त्यांनीच मोडला आहे, आणि तो मलाही लागू राहत नाही. पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. मी तपकिरी हॅट घालूनच येणार. दार बाबांनी उघडावं, एवढंच मागणं आहे.

राखाडी हॅट बाबांना, आजपासूनच, माझ्या मरणाची वाट न बघता. पण ती त्यांनी बिघडवलीच आहे, तेव्हा एक नवी, मापाची घ्यावी. सगळ्या गल्लीची मापं घेतली, स्वतःच्या डोक्याचं कधी घेतलं नाही. टेप भुवयांच्या एक बोट वर धरायचा. आणि खाली कोट शिवायचा नाही, ही अट.

साक्षीदार: ढोल्या (भुशाच्या वाक्याला हरकत घेऊन).
मुकादम (पुढच्या वेळी एकच कागद मिळेल).
ठिकाण: कामगारांची खोली, खालचा पलंग. पाच तारीख, रविवार.
सही: धाकटा

सोबत, बाबांच्या नव्या हॅटसाठी: दोन हजार तीनशे चाळीस रुपये.