निळ्या रंगाखालचा तडा

बाबा, होड्या ओढायची तुमची गाडी मी खोलली. तुम्ही जाताना ती घरामागे जशी होती तशीच इतकी वर्षं गवतात पडून होती. टायर मातीत रुतलेले, एक्सल गंजून लाल, आणि तोंड भिंतीकडे. यंदा पावसाआधी होड्या वर काढायची वेळ आली तेव्हा वाडीतली माणसं माझ्या वर्कशॉपवर आली. मांडव्याकडची क्रेन बंगलेवाल्यांच्या स्पीडबोटी उचलते, आपल्या पुळणीवर ती कशाला येतेय? "तुज्या बापाची गाडी हाय ना, ती चालू कर," म्हणाले. मी हो म्हटलं. तुमच्यावरच्या मायेनं म्हटलं, असं मात्र समजू नका.

हो, वर्कशॉप. अलिबागच्या रस्त्याला माझं गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे. तुमच्या डोळ्यांदेखत ते झालं नाही, कारण तुम्ही होऊच दिलं नसतं. मला पडवीतली ती दुपार अजून दिसते. तुम्ही वेल्डिंग करता करता पाणी प्यायला आत जाता, मी होल्डर उचलते, नुसता हातात धरून बघते, आणि मागून तुमचा हात सटकन माझ्या मनगटावर बसतो. "पोरीच्या जातीनं आगीशी खेळायचं ते चुलीपाशी!" पुढे आयटीआयला जाते म्हणाले, तर तुम्ही शिलाई मशीन आणून दिलंत आणि भावकीत सांगत फिरलात, पोरीचे किती लाड करतो म्हणून. त्या मशीनवर मी एक टाका घातला नाही. आयटीआयची फी मामानं भरली. तेव्हापासून तुम्ही मामाशी बोलणं टाकलंत, आणि आईचं माहेर तुटलं.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. मी गाडीबद्दल लिहितेय, ती मोडली त्या दिवसाबद्दल. पावसाळा तोंडावर आलाय, काका ट्रॅक्टर चालवतायत, गाडीवर त्यांची होडी आहे आणि तुम्ही बाजूला उभे राहून ओरडताय. आई मागून चालतेय, हातात लाकडाचा ठोकळा घेऊन. ट्रॅक्टर थांबला की चाकामागे ठोकळा टाकायचा, हे तिचं काम. मी वर सुरूच्या झाडांपाशी उभी. एकदम काडकन आवाज होतो, ट्रॅक्टर एकटाच पुढे उसळतो आणि गाडी होडीसकट मागे येते. आई चाकाखाली. तिला अजून कोणी उचललंही नव्हतं, तेव्हा तुम्ही बोललात, "ठोकळा टाकायची बी अक्कल न्हाय हिला!" तिचा पाय कायमचा वाकडा झाला, आणि तुमचं ते वाक्य वाडीभर झालं. लग्नात, बारशात, कुणी नवा पाहुणा ती लंगडते कशी म्हणून विचारी, तेव्हा तुम्ही हसत तीच गोष्ट सांगायचात. आई चहाचे कप ठेवून आत निघून जायची. गाडी अपशकुनी म्हणून तुम्ही घरामागे ढकललीत. भंगारवाला आला तरी त्याला हात लावू दिला नाहीत. का, ते आता कळलं.

एक्सल काढून फेकला, नवा बसवला. बेअरिंगं बदलली, वाळूत रुतणार नाहीत असे रुंद टायर घेतले, होडी दोरानं ओढून धरायला पुढे हातानं फिरवायची विंच लावली. तुमच्या लाकडी रोलरांच्या जागी रबराचे टाकले, होडीचा तळ खरवडू नये म्हणून. ब्रेकसुद्धा लावले, तुमच्या गाडीला ब्रेकच नव्हता, बायको होती. मग ट्रॅक्टरला अडकते ती पुढची दांडी घासायला घेतली. ती जिथे तुटली होती तिथे अर्ध्या भागात नुसता गंज. उरलेल्या अर्ध्यात, थेट आतपर्यंत, लांबी. गॅरेजवाले पत्र्याचा खड्डा बुजवायला भरतात ती. आणि लांबीवर तुमचा निळा रंग. म्हणजे दांडी तुटायच्या आधीच तिला तडा गेला होता, आणि कोणीतरी तो वेल्ड न करता बुजवून रंगवून टाकला होता. वाडीत वेल्डिंग मशीन एकट्या तुमच्याकडे होतं. मी ग्राइंडर बंद केला आणि घरी गेले.

आई ओट्यापाशी स्टुलावर बसून सुकट निवडत होती. खाली तिला बसता येत नाही.

"आये, त्या दांडीला आदीच तडा व्हता."

"व्हय."

"तुला ठावं व्हतं?"

"लांबी भरताना बगितलं मी त्यांना. म्हनले, पाऊस तोंडावर आलाय, होड्या निगू दे, मंग वेल्ड मारतो."

"आनि तू जन्मभर गप बसलीस?"

तिनं सुकटीतला खडा काढून बाजूला टाकला. "मला त्यांच्याच घरात रांधायचं व्हतं ना," म्हणाली.

तिथेच मला तुमचा फोटो भिंतीवरून ओढून काढावासा वाटला. हार तीच घालते, दर सणाला, स्टुलावर चढता येत नाही तर काठीनं. तुम्ही चूक केलीत, ती कुणाच्याही हातून होते. पण ती चूक तुम्ही रोज, हसत, तिच्या पायावर ठेवलीत.

गाडी पहिल्यांदा किनाऱ्यावर नेली तेव्हा आईला सोबत घेतलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. काका आता म्हातारे झालेत, पण ट्रॅक्टरवर तेच. खुर्चीकडे बघून म्हणाले, "वैनीला मागं उभं करू नका रे, न्हायतर परत ठोकळा इसरायची!" सगळे हसले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, दांडी आधीच तडकलेली होती, बाबांनी लांबी भरून रंगवली होती. काकांचा चेहरा लाल झाला. "मेल्या मान्सावर आळ घेतीस? लाज वाटत न्हाय?"

मी बोलणार तोच आई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून, वाकड्या पायावर.

"ठोकळा मी टाकला व्हता," ती म्हणाली. "चाक त्याच्यावरनं आलं."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण कुणी हसलं नाही. काकांनी मान खाली घातली, ट्रॅक्टर चालू केला, आणि होडी एका दमात वर गेली. ब्रेक लागले, विंच धरून राहिली. मागे कुणालाही उभं राहावं लागलं नाही. घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "तुज्या बाबांनी हे ऐकायला पायजे व्हतं." मी म्हटलं, ऐकलं असतं तरी मानलं नसतं.

हे पत्र कुठे टाकणार? पितृपक्षात तुमच्या पानाखाली ठेवीन असं मनात आलं होतं, तेही नको. माझ्याच ड्रॉवरमध्ये राहील. फक्त एक गोष्ट आहे, जी आईलाही सांगितलेली नाही. गाडीचा मागचा आडवा बार मी बदलला नाही. कापायला गेले होते, पण त्यावरचा तुमचा वेल्डिंगचा जोड इतका सरळ, इतका सारखा आला होता की माझ्याच्यानं कापवेना. वर नवा रंग दिला, आणि वाडीत सांगितलं, गाडी सगळी मीच केली.