ठावठिकाणा लागत नाही

शनिवार, २१ जून
सकाळी साडेदहा

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी खुशाली आईकडून कळते, तेव्हा 'कसा आहेस' हे विचारून शाई वाया घालवत नाही. आम्ही इकडे ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच, असं तुझ्या मेहुण्यांचं मत आहे. लेक परीक्षा देऊन मोकळी झाली आणि आता घरभर नुसती लोळते.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी आईला भेटायला येते आणि नेमका त्याच वेळी तुमच्या सोसायटीचा पंप बिघडतो. दहा वर्षं हेच चाललंय. इतकं बिघडणारं यंत्र बदलून टाका एकदाचं. तुझे जोडे दाराशी असतात आणि तू अनवाणी पंपघरात असतोस, हे मला दिसतं. मी काही बोलत नाही. आई मात्र न चुकता म्हणते, "आत्ताच गेला बघ." तिला खोटं बोलता येत नाही. ते आपल्या घरात फक्त एकीला येतं.

बातमी चांगली आहे म्हणून आधी तीच सांगते. गुरुवारी पालिकेचे नवे सेवानियम मंजूर झाले. एकशे बारा नियम, दीड वर्षाचं काम. समितीची सचिव मी होते. म्हणजे बाकीच्यांनी बोलायचं, मी लिहायचं, आणि त्यांनी आपणच बोललेलं नाकारलं की मी खोडायचं. बागेतल्या माळ्याची टोपी गणवेशात धरायची की नाही यावर तीन बैठका झाल्या. युनियनचे सरचिटणीस, ज्यांना सगळी पालिका भोंगा म्हणते, टोपीवर असे काही तापले की शिपाई दोनदा डोकावून गेला. शेवटी टोपी गणवेशात आली. कोणी घातली नाही तरी चालेल, पण आली.

तुला सांगायचंय ते सत्तेचाळिसाव्या नियमाबद्दल. विनापरवानगी गैरहजेरी. तुझा नियम.

जुना कसा होता ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. माणूस आठ दिवस आला नाही की दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन नोटिसा. घरी कोणी नसेल तर दोन साक्षीदारांसमोर दारावर चिकटवायच्या. उत्तर आलं नाही की नाव पटावरून कमी. त्यात माणसाला शोधा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. दार शोधलं की काम झालं.

आता तसं नाही. आता नाव कमी करण्याआधी खात्यातल्या कोणीतरी स्वतः जाऊन त्या माणसाला भेटायचं, भेट झाली नाही तर कुठे कुठे विचारलं ते लिहायचं. आणि दुसरं कलम माझ्या हातचं आहे: तो माणूस कुठे आहे हे कार्यालयात कोणालाही माहीत असेल, मग ते नात्याने असो की ओळखीने, तर त्याने ते लेखी दिलंच पाहिजे. माहीत असून गप्प बसणं हा यापुढे दोष आहे. तिसऱ्या कलमाने जुनी प्रकरणंही उघडता येतील.

गुरुवारी सभागृहात हात वर झाले तेव्हा मी मागच्या बाकावर कागद सांभाळत बसले होते. एकही हात विरोधात नव्हता. घरी येऊन दोन पोळ्यांऐवजी चार खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपले. तुझे मेहुणे म्हणाले, ताप आहे का बघू.

इथवर लिहून उठले होते. पाणी प्यायले, कुंड्यांना पाणी घातलं, लेकीला उगाच ओरडले. पुढचं लिहायचं टाळते आहे हे माझं मलाच कळलं, म्हणून परत बसले.

दादा, तुझं नाव पटावरून कमी झालं तेव्हा मी तुला सांगितलं होतं की फाइल माझ्या टेबलावर आली आणि मी ती फक्त पुढे सरकवली. ते खरं होतं, पण अर्धं.

आईला झटका आला तेव्हा मला मुख्य लिपिक होऊन सात आठवडे झाले होते. सहा महिने परीक्षेचे होते आणि त्यात रजा घेतली की ती जागा गेलीच. हे मी तुला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. तू म्हणालास, "तू हो पुढे. गावाला पाणी सोडायला दुसरा कोणीही उभा राहील, तुझ्या खुर्चीत कोण बसणार? मी आहे इथे." आणि चाळीस दिवस तू तिथेच राहिलास. आईला कुशीवर वळवायचास, भरवायचास, तिथल्याच नळावर अंघोळ करायचास, बाकावर झोपायचास. एकदाही घरी गेला नाहीस.

अर्जाचं मी दुसऱ्या दिवशी विचारलं होतं. तू म्हणालास, मुकादमाला सांगितलंय, आणि तू आहेसच की तिथे. तुझ्या लेखी बहिणीला कळलं म्हणजे कार्यालयाला कळलं. पुढच्याच आठवड्यात मुकादमाची बदली झाली आणि नव्याने तुझ्या नावापुढे रोज फुली मारली. ती हजेरी माझ्याकडे आली.

एका ओळीचं काम होतं. 'कर्मचारी आईजवळ रुग्णालयात आहे, मला प्रत्यक्ष माहीत आहे.' मी लिहायला घेतलंही होतं. तेव्हाचे अधीक्षक माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाले, "बाई, सख्ख्या भावाचं प्रकरण आहे. हात लावाल तर नाव तुमचंच खराब होईल. नियमाने जाऊ द्या." मी तो कागद फाडला आणि नियमाने जाऊ दिलं. मनाला समजावलं की नोटीस गेल्यावर दादा उत्तर देईल, दवाखान्याचे कागद जोडेल, सगळं सरळ होईल. नोटिशीत एक वाक्य लागतं: 'सदर कर्मचाऱ्याचा ठावठिकाणा लागत नाही.' ते मी दुपारी टाइप केलं, खाली डाव्या कोपऱ्यात माझी छोटी सही केली, आणि सहा वाजता डबा घेऊन तुझ्याकडे आले. तू विचारलंस, "काय विशेष ऑफिसात?" मी म्हणाले, "काही नाही, नेहमीचंच."

डब्यातलं तू निम्मं मला खायला लावलंस. मी दिवसभर काम करून दमलेली असते म्हणून.

उत्तर तू कुठून देणार होतास? कागद तुझ्या दारावर आणि तू बाकावर. हे मला कळत नव्हतं असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज वाटायचं, सांगितलं तर तू आईला सोडून धावत येशील, साहेबांसमोर माझं नाव निघेल आणि माझे सहा महिने बुडतील. यातलं पहिलं कारण मी स्वतःला मोठ्याने सांगायचे. दुसरं खरं होतं.

आता जे सांगते ते दहा वर्षं कोणाला सांगितलेलं नव्हतं. महिन्यापूर्वी समितीला सांगितलं, आज तुला.

पंचविसाव्या दिवशी तू म्हणालास, कपडे वास मारायला लागले, घरून दोन जोड आण. मी किल्ली घेऊन गेले. दारावर कागद होता. दुसरी नोटीस, कुलपाच्या जरा वर, चारही कोपऱ्यांना खळ. पहिली तिच्याखालून डोकावत होती. दार उघडताना कागद फाटू नये म्हणून मी ते हळू उघडलं, दादा. सरकारी कागद फाटला तर चौकशी होते ना. तुझे दोन सदरे, दोन लेंगे, टॉवेल घेतला, तसंच हळू दार ओढलं, कुलूप लावलं, कागदावरून हात फिरवून एक वर आलेला कोपरा नीट दाबला. आणि तुला कपडे आणून दिले.

आई घरी आली, तू कामावर गेलास आणि साहेबांनी तुला नाव कमी केल्याचा आदेश दिला. त्या संध्याकाळी तू तिसरी नोटीस हातात घेऊन माझ्याकडे आलास. छोट्या सहीवर बोट ठेवून एवढंच विचारलंस, "तू कपडे न्यायला आली होतीस तेव्हा हा दारावर होता का?" मी म्हणाले, "नव्हता. नंतर लावला असेल." तू कागदाची घडी घातलीस आणि गेलास. त्यानंतर पंप बिघडायला लागला.

होता. तिसरा नव्हता, पण दुसरा होता, पहिलाही होता. तू विचारलंस ते यांच्याबद्दलच, हे मला तेव्हाही समजलं होतं.

समितीत कसं निघालं ते सांगते. दुसऱ्या कलमावर पालिकेचे वकील अडून बसले. तसे सरळ गृहस्थ आहेत, पेन्सिलीने टेबल ठोकत बोलतात. म्हणाले, "कार्यालयाला माणूस कुठे आहे ते माहीत आहे आणि तरी नोटीस दारावर लावली, असं एक तरी प्रकरण दाखवा. मनातल्या भुतांसाठी नियम करत नाहीत."

भोंगासाहेब म्हणाले, "शंभर दाखवतो." वकील म्हणाले, "एकच दाखवा, पण नावानिशी." त्यांच्याकडे शंभर असतील, पण सिद्ध करता येईल असं एकही नव्हतं. ज्याला माहीत असतं तो कधी कबूल करत नाही, आणि त्याशिवाय ते सिद्ध होत नाही. आयुक्तबाई म्हणाल्या, "मग हे कलम वगळू या." माझ्याच हातात पेन होतं. मलाच खोडायचं होतं.

मी म्हणाले, "एक आहे. पाणीपुरवठ्यातलं, दहा वर्षांपूर्वीचं. माहीत असणारी मी."

पेन्सिल थांबली. भोंगासाहेबांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, सावकाश सांगा." त्यांना हळू बोलता येतं हे कोणाला माहीत होतं?

मी सगळं सांगितलं, कपड्यांसकट. मग बाजूच्या खोलीत बसून लेखी दिलं, चार पानं. नियम करणारीने नियमाचं पहिलं पालन केलं म्हण. रीतसर चौकशी झाली आणि सोमवारी माझ्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. सव्वीस वर्षांत पहिली. वरची जागा आता एवढ्यात मिळायची नाही. आयुक्तबाईंनी विचारलं, काही म्हणायचंय का? मी म्हणाले, "नाही, बरोबर आहे." खरं सांगू, त्या नोंदीखाली सही करताना माझा हात हलका होता. दहा वर्षं त्या पुस्तकात 'वर्तणूक: निष्कलंक' असं लिहून येत होतं आणि ते दर वर्षी मीच वाचून ठेवत होते.

आता तुझं. माझ्या जबाबावरून तुझं प्रकरण सगळ्यात आधी घेतलं आहे. तुझा आदेश रद्द होऊ शकतो, चाळीस दिवस रजेत धरले जातील आणि मधली वर्षं नोकरीत. तुझी अजून तीन वर्षं आहेत, नव्या जलकेंद्रावर जागा रिकामी आहे. फक्त अर्ज तुझा पाहिजे, नव्वद दिवसांच्या आत. सोबत जोडला आहे. मी त्यात काही भरलेलं नाही, तुझ्या नावाशिवाय.

नियमाप्रमाणे तुला भेटायला कोणीतरी येईल. मी येऊ शकत नाही, नात्यातलं कोणी चालत नाही. हजेरी लिहिणारी एक बाई येणार आहे मंगळवारी. भित्री आहे, पण अक्षर चांगलं आहे आणि जे ऐकेल तेच लिहिते. तिच्यावर राग काढू नकोस. तिच्यासाठी पंप बिघडवू नकोस.

अर्ज करायचा नसेल तर करू नकोस. सोसायटीतलं तुझं काम तुला आवडतं, असं आई म्हणते. जबाब मी मागे घेणार नाही, तू सही केलीस, नाही केलीस, तरी तो फाइलला राहील. आणि एक. तू सही केलीस तर ती नोकरीसाठी केलीस असंच मी समजेन. तिचा दुसरा काही अर्थ मी काढणार नाही. ते दुसरं तू द्यायचं की नाही, कधी द्यायचं, याला कुठला नियम नाही आणि मुदतही नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवलंस तरी चालेल. कपड्यांचं पानही. तिने काही विचारलं तर मी सांगेन, यापुढे खोटं सांगणार नाही.

मला आज फार बरं वाटतंय, दादा. तुला वाचून बरं वाटेल की नाही, ते मला माहीत नाही. पण मी लिहून मोकळी झाले, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आईला नमस्कार. तब्येत सांभाळ.

तू कुठे आहेस हे चाळीसही दिवस जिला माहीत होतं,
ती तुझी धाकटी बहीण