टपावरचा पलंग

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
निर्णय झाला. बाबांना आपल्याकडे आणायचं. ताईकडे त्यांना चार वर्षं झाली. १५ डिसेंबरला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर दोन महिने तिलाच कुणीतरी उठवून बसवायला लागणार. ती फोनवर म्हणाली, त्याआधी तू बाबांना ने, नाहीतर मी काय करू ते तरी सांग. मी म्हणालो, पुढच्याच रविवारी नेतो. मी एकदा शब्द दिला की दिला.

प्रश्न फक्त पलंगाचा आहे. तो बाबांनी स्वतः बनवलेला आहे, सागवानी. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस दुसऱ्याच्या पलंगावर झोपणार नाही. असं ते कधी म्हणालेले नाहीत, पण मुलाला न सांगता कळतं. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. माझी गाडी लहान. म्हणजे टपावर रॅक बसवायचा, वर पलंग, आत बाबा. सोपं आहे.

ही म्हणाली, टेम्पो केला तर तासाभरात काम होईल. मी म्हणालो, टेम्पोवाले सामान आदळतात. यावर ती भाजी निवडायला बसली. म्हणजे पटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार.
रॅक ऑर्डर केला. नावातच ‘युनिव्हर्सल’ आहे, त्यामुळे माप वगैरे बघायची गरज नव्हती. शनिवारी येतोय. रविवारी बाबा. ऑफिसात दोघांना सांगून टाकलं की वडिलांना आणतोय. दोघेही म्हणाले, आजकाल असं कोण करतं?

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी.
रॅक आला. चार पकडी, दोन दांड्या. पकडी गाडीच्या टपावरच्या रेल्सना आवळायच्या. खाली गेलो. टपावर रेल्स नाहीत. सहा वर्षं ही गाडी मी दर रविवारी स्वतः धुतो, आणि हे आज लक्षात आलं. टप थाळीसारखा गुळगुळीत. रेल्स फक्त सगळ्यात वरच्या मॉडेलला मिळतात, मी त्याच्या खालचं घेतलं होतं. त्या वेळी सेल्समनला मीच सांगितलं होतं की रेल्स नुसत्या शोभेच्या असतात.

ताईला फोन करून सांगितलं, उद्याचं रद्द, तांत्रिक कारण. ती म्हणाली, बाबा सकाळपासून तयारीला लागलेत, पिशवी भरून झाली. आणि पलंगाचं बाबांनी बघितलंय, तू फक्त गाडी घेऊन ये. भाबडी आहे बिचारी. मी तिला रेल्स म्हणजे काय ते वीस मिनिटं नीट समजावून सांगितलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
विषयाचा मुळापासून अभ्यास चालू आहे. वेगळी वही केली. बिनरेल्सच्या गाडीला रॅकचे प्रकार चार. एक, टपाच्या कडेच्या पन्हळीला अडकवायचा. पन्हळ जुन्या गाड्यांना असायची, बाद. दोन, लोहचुंबकाचा. फ्रिजवरचं चुंबक टपाला लावून बघितलं, छान चिकटलं, पण चुंबक म्हणजे पलंग नव्हे. तीन, पट्ट्यांचा, यात टपावर गाद्या ठेवून पट्टे आवळतात. चार, दाराच्या चौकटीत पाय रोवणारा, पण त्याला प्रत्येक गाडीचं वेगळं किट लागतं. तिसरा मागवला. या बिल्डिंगमध्ये या विषयावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
पट्ट्यांचा रॅक आला. सूचनांचा कागद होता, पण अक्षर फार बारीक. गाडीत बसून पट्टे खिडक्यांतून ओवले आणि गच्च आवळले. कुठेही हलत नव्हता, काम नंबर एक. मग उतरायला दार उघडलं तर उघडेना. चारही दारं पट्ट्यांनी बांधली गेली होती, आणि बकल माझ्या पाठीमागे, हात न पोचणाऱ्या जागी. पट्टे दारांतून ओवायचे असतात, हे नंतर हिने कागद वाचून सांगितलं. मी खिडकीतून बाहेर आलो. तळमजल्यावरचे सगळे खुर्च्या घेऊन बसले होते.

ही म्हणाली, बाबांना पण असंच खिडकीतून बसवणार का? अशा बोलण्यानेच माणसाचा उत्साह जातो. उद्याचं रद्द.

१६ नोव्हेंबर, रविवार.
ताईचा फोन. बाबा हल्ली खाली गादी टाकून झोपतात म्हणे. थंडी पडायला लागलीये, तू लवकर ये. मी म्हणालो, जमिनीवर झोपणं पाठीला उत्तम, डॉक्टरसुद्धा तेच सांगतात. मग बाबांना फोन द्यायला सांगितला. त्यांना सगळी परिस्थिती सांगितली, रेल्स, पन्हळ, पट्टे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बरं. मग विचारलं, गाडीची मागची सीट पुढे पडते ना? मी म्हणालो, पडते बाबा, पण मुद्दा तो नाही. म्हणाले, बरं.

त्यांना ऐकू कमी येतंय असं दिसतं. इकडे आणलं की कान दाखवून घ्यायचे. (वहीत नोंद केली.)

२२ नोव्हेंबर, शनिवार.
शेवटी दुकानात गेलो. रॅकवाला तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराचं रबर दाबून बघितलं आणि म्हणाला, चौथा प्रकार. म्हणजे माझा अभ्यास बरोबर होता. किट मागवावं लागेल, दोन आठवडे.

काय न्यायचंय विचारलं. सांगितलं. तर म्हणाला, पलंग सुटतो का? मी म्हणालो, अहो, हा बाजारातला पलंग नव्हे, माझ्या वडिलांच्या हातचा आहे, एकसंध. तो म्हणाला, साहेब, सुतार सुटणाराच बनवतो, नाहीतर खोलीच्या दारातून आत कसा जाईल? मी हसलो. आपलं काम सोडून दुसऱ्याच्या धंद्यात अक्कल पाजळायची लोकांना सवयच असते. बाबांना पुढचे दोन रविवार रद्द असल्याचं ताईमार्फत कळवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.
घरी एकटाच आहे. हिने मधल्या काळात लहान खोली रिकामी केली. माझी व्यायामाची सायकल बाल्कनीत गेली. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, ड्रिल शेजारणीकडून आणून, स्वतः. पलंगाचं डोकं जिथे येईल तिथे भिंतीला बेलचं बटण. मला विचारलंसुद्धा नाही. दांडी ओढून बघितली. पक्की आहे.

त्या खोलीत थोडा वेळ उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दहा वर्षांचा असताना बाबांनी माझ्या हातात रंधा दिला होता. मी फळी खराब केली. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. रंधा माझ्या हातातून काढून घेतला आणि राहिलेलं काम स्वतः केलं. त्यानंतर कधीही कसलं हत्यार माझ्या हातात दिलं नाही. आता त्याच माणसाला मी अंघोळ घालायची. कुठे धरायचं, किती जोर लावायचा, मला काहीच माहीत नाही. हात घसरला तर? आणि तेव्हाही ते काही न बोलता माझ्याकडे बघतील.

पुरे. किटला उशीर होतोय म्हणून असलं मनात येतं. रिकामं डोकं म्हणतात ते हेच.

६ डिसेंबर, शनिवार.
किट आलं, पण माझ्या गाडीच्या आधीच्या मॉडेलचं. आकडे दाराच्या चौकटीत बसतच नाहीत. रॅकवाल्याने परत पाठवलं, आणखी दोन आठवडे. मी त्याला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, गाडीचं साल तुम्हीच लिहून दिलं होतं. कागद काढून दाखवला. अक्षर माझ्यासारखंच होतं.

दरम्यान वेळ वाया घालवायचा नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय, टपावर पन्नास किलोच्या वर वजन नको. ताईला म्हणालो, पलंगाचं वजन करून कळव. ती म्हणाली, कुठल्या तुकड्यापासून सुरू करू? मी म्हणालो, तुकडा कसला? ती म्हणाली, मी दमले रे, आणि फोन ठेवला. गुडघेदुखीने माणूस किती चिडचिडा होतो. पण तिच्या ऑपरेशनला अजून नऊ दिवस आहेत. बाबांना गरज पडली तर दोन-चार दिवस शेजारीपाजारी बघतील.

१० डिसेंबर, बुधवार.
सकाळी पावणेसातला ताईचा फोन. बाबा पडले. खालच्या गादीवरून उठताना भिंतीला धरायला गेले, हात सुटला. खुब्याचं हाड.

तसाच गाडी घेऊन निघालो. टप रिकामा, डोकं रिकामं. हॉस्पिटलमध्ये पोचायला चाळीस मिनिटं लागली. ताईच्या घरापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. चाळीसच मिनिटं.

बाबा स्ट्रेचरवर होते. मला बघून म्हणाले, आलास? मी म्हणालो, बाबा, किट येतंय दोन आठवड्यांत. नर्सने मला बाजूला व्हायला सांगितलं.

१६ डिसेंबर, मंगळवार.
बाबांच्या खुब्यात सळई घातली. ताईचं कालचं ऑपरेशन पुढे ढकललं. ती एका पायावर भार देऊन वॉर्डात उभी असते, मी खुर्ची आणून दिली की बसते. डॉक्टर म्हणाले, यांना उठवायला-बसवायला दोन माणसं लागतील, कायमची. मी म्हणालो, माझ्याकडे सगळी सोय आहे, दांडी, बेल. बाबा त्या वेळी डोळे मिटून होते.

संध्याकाळी ताईने सांगितलं, ते वृद्धांच्या सेवाकेंद्रात जायचं म्हणतात. तिथे माणसं असतात. हे त्यांनी तिला सांगितलं, मला नाही. मी जाऊन म्हणालो, बाबा, रॅक शनिवारी नक्की बसतोय. ते म्हणाले, बरं.

शुक्रवारी त्यांना अ‍ॅम्ब्युलन्सने तिकडे नेणार. तो मार्ग तात्पुरता आहे, असं मी सगळ्यांना सांगितलंय.

२० डिसेंबर, शनिवार.
रॅक बसला! दोन काळ्या दांड्या, चार पाय, चौकटीत घट्ट. मी लोंबकळून बघितलं, गाडी हलली पण रॅक हलला नाही. वरातीमागून घोडं म्हणणारे म्हणोत, घोडं उत्तम आहे. रॅकवाला म्हणाला, काम नसेल तेव्हा काढून ठेवा, नाहीतर रबराखालचा रंग जातो. त्याने पलंगाचं काही विचारलं नाही, मीही काढलं नाही.

उद्या ताईकडून पलंग आणायचा. बाबा बरे होऊन येतील तेव्हा तो तयार असला पाहिजे.

२१ डिसेंबर, रविवार.
दोऱ्या, जुनी चादर, कोपऱ्यांना लावायला फोम, सगळं घेऊन गेलो. बाबांच्या खोलीत पलंग नव्हता. ताईने दार पुढे ओढलं. दारामागे भिंतीला टेकवून चार पाय, दोन लांब पट्ट्या, दोन आखूड, आणि फळ्यांचा गठ्ठा. सगळं सुतळीने बांधलेलं. प्रत्येक तुकड्यावर सुताराच्या पेन्सिलीने आकडा.

ताई सांगत होती, मी ऐकत होतो. ८ नोव्हेंबरच्या सकाळी बाबा स्टुलावर बसले आणि लाकडी हातोडीने एकेक पाचर ठोकून काढली. त्या पलंगात एकही खिळा नाही. दोन तास लागले, तिला हात लावू दिला नाही. मागच्या वर्षी मी भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांनी माझी गाडी आतून वितीने मोजून ठेवली होती, मी चहा पीत होतो तेव्हा. लांब पट्टी मागून पुढच्या दोन सीटांच्या मधे बरोबर बसते, हे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. ताई प्रत्येक सोमवारी म्हणायची, बाबा, पलंग परत जोडते. ते म्हणायचे, नको, तो रविवारी येईल, त्याला थांबायला लागेल.

बत्तीस रात्री ते खाली झोपले.

मी रडलो. ताईसमोर, तिथेच, त्या दारामागे. मीच पाडलं त्यांना. ताईने समजूत घातली नाही. एक गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला.

सगळं गाडीत आत बसलं. मागचं दार आरामात लागलं. फोम उरला. परत येताना रिकाम्या रॅकमधून वारा शीळ घालत होता, चाळीस मिनिटं. रेडिओ मोठा केला तरी ऐकू येत होती.

२५ डिसेंबर, गुरुवार.
लहान खोलीत पलंग जोडायला घेतला. आकड्याला आकडा लावत गेलो, तरी उभा राहीना. पाचरी एका कापडी पिशवीत आहेत, आठ. त्यांच्यावर आकडे नाहीत, आणि दोन सारख्या नाहीत. बाबांना त्या हातानेच कळत असणार. एक चुकीच्या खाचेत ठोकली ती अर्धी तुटली. तेव्हा थांबलो.

ही म्हणाली, पिशवी घेऊन त्यांच्याकडे जा, दोन मिनिटांत सांगतील. सेवाकेंद्रात रविवारी चार ते सहा भेटायची वेळ आहे. कल्पना चांगली आहे. मलाही तीच सुचली होती. त्यांच्या हातात पाचरी दिल्या की त्यांनाही बरं वाटेल.

२७ डिसेंबर, शनिवार.
पलंगाचे तुकडे खोलीच्या दारामागे उभे करून ठेवले. जागा झाली म्हणून सायकल आत घेतली, बाल्कनीत गंजत होती.

उद्या जायचं ठरलं होतं, पण आज गाडी धुताना बघितलं, रॅकच्या एका पायाखाली रंग फिकट झालाय. रॅक काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते पूर्ण दिवसाचं काम आहे. ही म्हणाली, रॅक मी काढते, तुम्ही जा. पण त्याला माहीतगार माणूस लागतो.

पुढच्या रविवारी नक्की.